सात दिवस कोकण किनारा पायी: प्लॅन विकत घेतला, त्यात भरतीच नव्हती

पाचपैकी तीन स्टार. दोन स्टार प्लॅन विकणाऱ्या मुलांनी शोधून दिलेल्या घरांना, एक फोनवरच्या मुलाच्या पेशन्सला, आणि जे दोन कापलेत ते दोन्ही एकाच गोष्टीसाठी, भरतीसाठी. समुद्राच्या काठाने सात दिवस चालायचा प्लॅन विकता आणि त्यात भरती-ओहोटीचा एक शब्द नाही म्हणजे लग्नपत्रिका छापली आणि मुहूर्तच टाकला नाही असं झालं.

नाव मुद्दाम देत नाहीये. पुण्याची तीन-चार तरुण मुलं आहेत, स्वतः ट्रेक करणारी, नुकताच धंदा सुरू केलाय, आणि मनाने चांगली आहेत. पण ज्यांना अशीच सर्व्हिस कुठूनही घ्यायचीय किंवा स्वतःच पहिल्यांदा आठवडाभराचं चालणं प्लॅन करायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

सर्व्हिस अशी आहे की तुम्ही सांगायचं किती दिवस, रोज किती चालणार, व्हेज की नॉनव्हेज, रजा कधी. मग ते तुम्हाला एक पीडीएफ देतात, फोनमध्ये टाकायची रूटची फाइल देतात, सातही मुक्कामांचं बुकिंग करतात आणि सात दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देतात. सोबत गाइड नाही. माणशी २,२०० रुपये, राहणं-जेवण वेगळं, ते ज्या-त्या घरी द्यायचं.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी नणंद. माझं वय ४८, ती पाच वर्षांनी लहान. मी बँकेत, ती शाळेत. अनुभव म्हणाल तर मी राजगड-रायगडसारखे एक दिवसाचे ट्रेक केलेले आणि ती एकदा वारीत आळंदीपासून सासवडपर्यंत गेलेली, ज्याचं ती आजही सांगते, पण वारीत पिशव्या दिंडीच्या ट्रकमध्ये असतात हे सांगत नाही. सलग सात दिवस पाठीवर बॅग घेऊन चालणं दोघींना पहिल्यांदाच. हिमालय वगैरे नको म्हटलं, जायला दोन दिवस यायला दोन दिवस, रजा तिथेच संपते. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरच्या वर आहे, तो एका दमात चालणारे लोक आहेत पण आपल्याला नोकऱ्या आहेत, म्हणून तुकडे पाडून चालायचं ठरवलं आणि पहिला तुकडा घेतला केळशी ते जयगड. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ, खाडी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, परत खाडी आणि जयगड. शंभरच्या आसपास किलोमीटर. पहिल्या खेपेला कोकण बरं अजून एका कारणासाठी, कुठेही पाय गेला तरी वर डांबरी रस्ता आहे आणि कधी ना कधी एसटी येतेच. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे अगदीच आडलं तर भाऊ गाडी घेऊन येणार होता. (नाही बोलवावं लागलं. तो मात्र रोज विचारायचा, येऊ का.)

आधी चांगलं सांगते. घरं. हॉटेलं नाहीत, खरोखरची घरं, आणि एकाही ठिकाणी फसलो नाही. आंजर्ल्याला ज्या घरी होतो तिथल्या काकूंना आदल्या रात्री सांगितलं की आम्ही सातला निघणार, तर सव्वासहाला चुलीवरचा मऊ भात तयार, वर मेतकूट, तूप आणि भाजलेला पोह्याचा पापड. चालणाऱ्याला याच्यासारखा नाश्ता नाही. पोटाला जड होत नाही आणि अकरापर्यंत भूक लागत नाही. कोळथऱ्याला कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, गुहागरला एकादशी होती तर न सांगता वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. प्रत्येक घरी आधीच कळवलेलं असायचं की दोघी चालत येतायत, त्यामुळे पोचल्या पोचल्या गरम पाण्याची बादली. पाय धुवायला गोडं पाणी मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते तिसऱ्या दिवशी कळतं.

त्यांनी आधी करून घेतलेली तयारीपण चांगली. दोन महिने आधीच मेसेज आला की शनिवार-रविवार सलग दोन दिवस, भरलेली बॅग घेऊन, रोज १२-१५ किलोमीटर चाला. आम्हाला वाटलं एवढं कशाला. पण एक दिवस कोणीही चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत चालता येतंय का हाच खरा प्रश्न असतो. आम्ही मुलुंडहून निघून ठाण्यात फिरलो, लोक वळून बघायचे, पण त्या सरावात नणंदेचे नवे बूट टाचेला लागतात हे कळलं आणि बदलता आले. तेच केळशीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी एसटी.

आता सामानाची यादी. ही यादी कुठल्यातरी हिमालयाच्या ट्रेकची आहे, खाली फक्त नाव बदललंय. फ्लीस जॅकेट, लोकरीची टोपी, थर्मल, हातमोजे. जानेवारीत. कोकणात. मी बिनडोकासारखी फ्लीस घेऊन गेले आणि सात दिवस ते उशीखाली वापरलं. जे हवं होतं ते यादीत नव्हतं: पट्ट्यांचे सँडल (बुटात वाळू आणि खारं पाणी गेलं की संपलं, मी चौथ्या दिवसापासून सँडलवरच चालले), बोटांना लावायला मायक्रोपोर टेप, फोनसाठी झिपची प्लॅस्टिक पिशवी, मोठ्या काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा कॉटनचा शर्ट. माझी बॅग निघताना नऊ किलो होती. कर्द्याला पोचल्यावर त्यातलं तीन किलो घरमालकांच्या ओळखीच्या दुकानदारामार्फत चिपळूणला पाठवून दिलं.

बॅगेवरूनच अजून एक. चौथ्या मुक्कामी घरमालकांचा पुतण्या म्हणाला मी उद्या बाइकवरून दाभोळलाच चाललोय, बॅगा टाकू का पुढच्या घरी. मी म्हटलं हे चीटिंग. नणंद म्हणाली, "वहिनी, वारीला ट्रक चालतो, मग बाइक का नाही?" तेव्हा पहिल्यांदा तिने ट्रकचं कबूल केलं. बॅगा गेल्या, आम्ही पाण्याची बाटली आणि चिक्की घेऊन हलक्या चाललो आणि तो दिवस सगळ्यात मजेचा झाला. ही सोय त्यांनी प्लॅनमध्येच का ठेवू नये? गावात रिक्षा आहेत, बाइक आहेत, लोक खुशीने करतात. पन्नाशीच्या आसपासची माणसं तर यासाठी जास्त पैसे देतील.

आता भरती.

आमची तारीख त्यांनी काढली फक्त रजा बघून. शनिवारी सुरू, शुक्रवारी संपणार, छान. त्या शनिवारी शुद्ध षष्ठी होती हे कोणी बघितलंच नाही, मीही नाही. पीडीएफमध्ये रोजचं एकच वाक्य, "सकाळी ७ ला निघून किनाऱ्याने चालावे." पहिल्या दिवशी काही जाणवलं नाही, पाणी उतरत होतं. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्यापासून सकाळची वाळू मऊ लागली, पाय घोट्यापर्यंत रुततायत, पोटऱ्या भरून आल्या, वाटलं आपलाच दम कमी पडतोय. हर्णैला सुवर्णदुर्ग समोर बघत तासभर नुसत्या बसलो. पुढे मुरूडला गेल्यावर आठवलं की महर्षी कर्वे या गावातून परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले होते, घाट चढून, आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नव्हतं. म्हटलं आपलं ते काय दुखणं.

तिसऱ्या दिवशी कर्द्याहून पावणेसातला निघालो. किनारा संपतो तिथे कातळाचं टोक समुद्रात उतरतं, आणि फोनमधली रेष त्या टोकाच्या खालच्या अंगाने लाडघरकडे गेलेली. आम्ही पोचलो तेव्हा त्या रेषेवर पाणी होतं. थोडंथोडकं नाही, लाट येऊन कातळावर फुटत होती आणि परत जाताना खालचे दगड गडगडत होते, तो आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. नणंद म्हणाली गुडघाभर असेल, जाऊया. मी दोन पावलं टाकली, कातळावर शेवाळ, पाय सटकला, हात टेकला, तळव्याला कालवांच्या धारेने कापलं. बस, मागे फिरलो.

मागे सुरूच्या सावलीत एक मावशी बसलेल्या, साठीच्या, शेजारी टोपली आणि कालवं फोडायचं हत्यार. त्या मगाचपासून आमचा तमाशा बघत होत्या.

"कुठं चाललाव?"

"लाडघरला."

"हितनं? आत्ता?" मग थोडं थांबून, "आज अष्टमी ना? आठ पाऊण सहा. सहाला भरलंय पाणी. दहाच्या आत खडप उघडं पडत नाय. मी पन तेच्यासाठीच बसलंय."

आठ पाऊण सहा. मी अक्षरशः कपाळावर हात मारला, त्याच कापलेल्या हाताने. आमची आजी पावकी, निमकी, पाऊणकी सगळे पाढे म्हणायची आणि भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट हे चिपळूणच्या घरात आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलेलं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, हा ठोकताळा आहे, नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक फोनवर फुकट मिळतं. पण दिवस आखायला पाऊणकी पुरते. आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली आणि ही एवढी बेरीज घरी विसरून आले.

बसलो मावशींबरोबर. चिक्की वाटून खाल्ली. नऊच्या सुमाराला कातळाचा माथा कोरडा पडला, मग हळूहळू एकेक पायरी बाहेर आल्यासारखी खडपं उघडी होत गेली, काळी, वर पांढरी कालवं चिकटलेली, मधल्या खळग्यांत पाणी आणि त्यात बारके मासे अडकलेले. दहाला मावशी उठल्या, पदर खोचला आणि चालायला लागल्या, आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल. त्यांनी पुढची पायवाट दाखवली, तिथून वर रस्त्याला लागलो. "आज भांग हाय म्हनून निभावलं," म्हणाल्या, "उधाणाला हितं उभं ऱ्हायचं नाय." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती, उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची. यानंतर मात्र दहा ते दोन असं भर उन्हात चालणं आलं. लाडघरला तामसतीर्थाचं तांबूस पाणी बघायचं होतं ते बघितलं पण खरं सांगू, लक्ष सगळं शहाळंवाल्याकडे होतं.

त्या रात्री कोळथऱ्याच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसलो आणि पुढचे दिवस मांडले. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. म्हणजे ज्या वेळी ऊन कोवळं आणि पाय ताजे त्याच वेळी रोज पाणी चढलेलं, आणि वाळू घट्ट मिळणार ती बरोबर दुपारी. महिन्यातला नेमका उलटा आठवडा आम्हाला काढून दिला होता. तेच पौर्णिमेला किंवा अमावास्येला निघालं असतं तर भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे सव्वापाचच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकत सरकत सातव्या दिवशी ती दहा-साडेदहापर्यंत येते. अख्खा आठवडा सकाळी ओली, घट्ट, सपाट वाळू. हे त्या मुलांना एक पैसा खर्च न करता करता आलं असतं, बुकिंगची तारीख फक्त नऊ दिवस पुढे. पाणी ओसरलेलं असेल तेव्हा किनाऱ्याचे १५ किलोमीटर चार तासांत होतात आणि भरतीला तेच मऊ, तिरक्या वाळूवर सहा तास खातात. तिरकी हेही महत्त्वाचं. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, उजवा पाय कायम खालच्या पातळीवर, पाचव्या दिवशी माझं कंबरेचं एक बाजूचं हाड बोलायला लागलं.

दाभोळच्या खाडीचं तर हसूच आलं. फाइलमधली रेष दाभोळच्या जेट्टीवरून सरळ पाण्यावरून धोपाव्याला गेलेली आणि खाली लिहिलंय, "अंतर कमी, वेळ अर्धा तास." वाशिष्ठीच्या मुखावरून चालत? तिथे २००३ पासून फेरीबोट चालते, गाड्या, बाइकी, माणसं, शेळ्या सगळं एकत्र, लोक जंगलजेट्टी म्हणतात. बोटीचं नावही प्लॅनमध्ये नाही. तवसाळ-जयगडलाही तेच. दोन्हीकडे बोट मिळायला काही त्रास झाला नाही, पण ज्याला माहीत नाही तो जेट्टीवर उभा राहून घाबरेल ना. धोपाव्याहून पुढे वेलदूर, अंजनवेल, तिथे वीजप्रकल्पामुळे किनारा सोडून रस्त्यानेच जावं लागतं, कंपनीचं नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी रस्ता विचारला की लोक अजून "एन्रॉनच्या कडेने" असंच सांगतात. हा दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. सरळ रिक्षा करा, कोणी मेडल देत नाही.

गुहागरचा किनारा मात्र लांबच लांब, आणि तिथे आम्ही शहाण्या झालो होतो. एकादशीची भरती सव्वाआठची, म्हणजे सकाळी निघण्यात अर्थ नाही. व्याडेश्वराला जाऊन आलो, आंघोळ, नाश्ता, झोप, आणि साडेअकराला बाहेर, डोक्यावर ओला पंचा. गुहागरला घरमालकांनी सांगितलं की २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेलं एक ऑलिव्ह रिडले कासव २०२५ मध्ये या किनाऱ्यावर अंडी घालायला आलं. अख्खा द्वीपकल्प वळसा घालून. नणंद म्हणाली तिला कोणी पीडीएफ दिली होती का विचारा.

वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ यावर जास्त लिहीत नाही, चढउतार आहेत, सडे, म्हणजे वरची कातळाची पठारं, तापतात, घरं छान. सातव्या दिवशी संध्याकाळी जयगडला उतरलो आणि एसटीने रत्नागिरी स्टेशन.

परत आल्यावर हे सगळं मी त्यांना सविस्तर कळवलं. फोन आला, मुलाने मध्ये न बोलता ऐकून घेतलं, सॉरी म्हणाला, पैसे परत नाही पण पुढच्या टप्प्याला अर्ध्या किमतीत प्लॅन देतो म्हणाला. ठीक आहे. तिसरा स्टार त्याचा. मग जरा घुटमळून विचारलं, "मॅडम, ते पाऊणकीचं नीट लिहून पाठवाल का? आमच्यात कोणालाच येत नाही." पाठवलं. पंधरा तिथ्या, पंधरा वेळा, वहीच्या पानावर लिहून फोटो काढून.

काल बघितलं तर नवीन पीडीएफमध्ये तो फोटो जसाच्या तसा चिकटवलाय, माझ्या अक्षरात, कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग आहे तोसुद्धा. त्याच्या खालीच अजून आहे, "सकाळी ७ ला निघून किनाऱ्याने चालावे." जयगड ते पुढचा टप्पा आम्ही पौर्णिमेला सुरू करतोय, तारीख मी काढलीय, त्यांच्याकडून फक्त घरं घेणार.